खुराड्यातली पहिली रात्र

पिल्लं घरातून खुराड्यात कधी हलवायची, याचं पुस्तकातलं उत्तर एक असतं आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या आभाळाचं दुसरं. पुस्तक आठवडे मोजतं. गिनी फाउलच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात 35 अंशांच्या आसपास ऊब हवी, मग दर आठवड्याला सुमारे तीन अंश उतरवत जायचं, आणि सहा ते आठ आठवड्यांत अंगभर पिसं आली की पिल्लू बाहेर राहायला लायक. हिशेब चोख आहे, फक्त तो इथल्या नक्षत्रांशी ताडून पाहायला हवा. गिनीची मादी साधारण मार्चपासून अंडी घालू लागते. पाडव्याच्या सुमारास ती बसवली, तर 26 ते 28 दिवसांनी, चैत्र सरता सरता पिल्लं निघतात. तिथून आठ आठवडे मोजा. ज्येष्ठ संपत आलेला असतो, मृग बरसून गेलेला असतो नाहीतर आर्द्रा लागलेल्या असतात. म्हणजे पुस्तकाने दिलेला मुहूर्त नेमका वर्षातल्या सगळ्यात ओल्या दिवसांच्या तोंडावर येतो. म्हणून माझं म्हणणं असं, की पिल्लू तयार झालं का हा प्रश्न नंतरचा. खुराडं कोरडं आणि रात्रीला पुरून उरणारं आहे का, हा पहिला.

उष्णतेची इथे ददात नाही. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा 47 च्या पुढे जातो. मे महिन्यात ब्रूडरमधला दिवा दिवसा विझवून वारा कसा खेळता राहील, याचीच काळजी करावी लागते. घात करते ती ओल. हा पक्षी आफ्रिकेच्या कोरड्या गवताळ मुलखातला. मोठा झाल्यावर तो काटक असतो, किडे, गोचिडी टिपतो, परका माणूस दिसला की सारी आळी जागी करतो. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्याचे कादंबरी, चितांबरी, श्वेतांबरी असे वाणही काढले आहेत (नावं मात्र भलतीच काव्यमय). पण पिल्लूपणी त्याची लव भिजली की अंग गार पडतं, आणि गार पडलेलं पिल्लू सकाळपर्यंत टिकेलच याची खात्री नाही. शिवाय भाताच्या तुसाची गादी एकदा ओलावली, की अमोनियाचा वास डोळ्यांत शिरतो आणि रक्ती हगवणीला आमंत्रण मिळतं. गादीतला मूठभर तूस दाबून पाहावा. मूठ उघडल्यावर त्याचा गोळा तसाच राहिला, तर पिल्लाचं वय कितीही असो, ते खुराडं राहण्याजोगं नाही.

यावर टोल्यातली कुठलीही बाई विचारील, की आमची गावरान कोंबडी पहिल्या दिवसापासून पिल्लं सांदवाडीत हिंडवते, तिला कुठला दिवा आणि कुठला थर्मामीटर? प्रश्न रास्त आहे. पण सर येताच कोंबडी अंग फुलवून बसते आणि पिल्लं पंखाखाली शिरतात, तिथे ऊबही असते आणि छप्परही. गिनीची मादी या बाबतीत बेफिकीर. दवाने ओथंबलेल्या गवतातून ती पुढे चालत राहते, पिल्लं मागे भिजत राहतात. म्हणूनच जाणते लोक गिनीची अंडी खुडूक झालेल्या गावरान कोंबडीखाली बसवतात. म्हणजे हा आक्षेप माझ्याच बाजूने साक्ष देतो. कोंबडीही आठवडे मोजत नाही, आभाळ बघते.

दुसरा आक्षेप जास्त भावुक आहे. झाडावर रात्र काढणारा पक्षी, त्याला कोंडायचं कशाला? तर या रानाच्या कडेला झाड म्हणजे आसरा नव्हे. फांदीवर घुबड येतं, बिबट चढतो. जमिनीवर मुंगूस आणि रानमांजर. बांबू इथे मुबलक, त्यामुळे खुराडंही बांबूचंच होतं, पण दोन कामट्यांमध्ये बोटभर फट राहिली तरी साप आत येतो. कोंबड्यांची नेहमीची षट्कोनी जाळी पाखराला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. तिथे अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळीच हवी, आणि ती जमिनीखाली वीतभर गाडलेली हवी. जमिनीपासून उचललेला तळ, वर न गळणारे कवेलू, पावसाच्या बाजूला ताडपत्री. हा खर्च नुसता पाखरांसाठी नाही. उघड्या खुराड्याच्या वासावर आलेला बिबट घराच्या दारापर्यंत आलेला असतो, आणि या दोन जिल्ह्यांत ते काय असतं हे सांगायला नको.

हलवायचं ते अंधार पडल्यावर. गिनीला अंधारात फारसं दिसत नाही, म्हणून ती गप बसते. दोन्ही तळव्यांत पंखांसकट अंग धरून उचलायचं. बाजारात कोंबडी पायाला धरून उलटी लटकवतात, ती सवय इथे पाय कायमचा अधू करते. खुराड्यात पहिले काही दिवस मंद दिवा ठेवावा, नाहीतर बावरलेली पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरतात. मग चार-सहा आठवडे तिथेच कोंडून ठेवायचं, म्हणजे घर कुठलं हे त्यांच्या मनात बसतं. त्यानंतरही सगळी एकदम सोडू नयेत. दोन-तीन सोडली तर आतल्या सोबत्यांसाठी ती खुराड्याभोवतीच घुटमळतात. सांजेला कण्या किंवा वारुळातली उधई दाखवली, की आत येतात.

राहता राहिली घरात पिल्लं जास्त दिवस ठेवण्याची अडचण. दाटी होते, टोचाटोची सुरू होते, धूळ आणि किलकिलाट घरच्यांना नको होतो. हे सगळं खरं. तरीही पिसं भरली आणि पावसाची झड लागली असेल, तर उघडीप मिळून गादी सुकेपर्यंत पिल्लं पडवीतच राहू द्या. तेवढी जागा नसेल, तर पुढच्या पाडव्याला अंडी कमी बसवा.