वळू नकाशावर असला की पुरे

ड्वार्फ फोर्ट्रेस नावाचा एक कॉम्प्युटर गेम आहे. बुटक्यांच्या टोळीनं डोंगर पोखरून किल्ला उभा करायचा, त्यात पीकपाणी करायचं, जनावरं पाळायची आणि बहुतेक वेळा शेवटी सगळ्यांनी मिळून मरायचं, असा तो खेळ. टार्न आणि झॅक ॲडम्स या अमेरिकी भावांनी 2006 साली तो लोकांपुढं ठेवला. 2012 साली न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टनं तो आपल्या संग्रहासाठी घेतला, तेव्हा त्याला पोरखेळ म्हणून सोडून देता येत नाही. त्यातला जनावरांच्या पैदाशीचा एक नियम मनात रुतून बसला आहे. वर्षानुवर्षं तिथं गाय गाभण राहायला वळूनं तिच्याजवळ जावं लागतच नसे. तो त्याच नकाशावर कुठंतरी जिवंत असला की झालं. मग पिंजऱ्यात असो, साखळीला असो, नाहीतर चार मजले खाली भिंतीआड. खेळणाऱ्यांनी याची भरपूर थट्टा केली. म्हणे इथली जनावरं बुरशीसारखे बीजाणू हवेत सोडतात. मांजरांची एक जोडी आणली की बघता बघता किल्ला मांजरांचा होतो, आणि मांजरानं एखाद्या बुटक्याला आपला मालक मानलं की त्या मांजराला मारताही येत नाही.

थट्टा ठीक आहे. पण परभणीकडच्या पूर्णा तालुक्यातल्या एखाद्या गोठ्यापाशी ती टिकायची नाही. इथं गाय सकाळी माजावर आली, हंबरायला लागली, की संध्याकाळी भरून घ्यायची, असा साधा हिशोब असतो. मोटारसायकलला अडकवलेलं द्रवरूप नत्राचं भांडं येतं. झाकण काढलं की पांढरी वाफ कडेनं खाली ओघळते. आत उणे 196 अंशांत बारीक नळ्या उभ्या असतात, एकेकीत पाव मिलिलिटर वीर्य. चिमट्यानं एक नळी काढायची, कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची, टोक कापून गनमध्ये बसवायची. दोन-चार मिनिटांत काम आटोपतं. एकवीस दिवसांनी गाय पुन्हा हंबरली तर उलटली, नाही हंबरली तर नऊ महिने नऊ दिवस मोजायचे. ज्या वळूचं ते वीर्य, तो दोनशे मैलांवर असेल किंवा मरून दहा वर्षं झाली असतील. गायीनं त्याला पाहिलेलं नाही, मालकानंही नाही. भारतात हे तंत्र 1939 साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत पहिल्यांदा यशस्वी झालं. महाराष्ट्रात ते दारात आणलं ते 1967 साली मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला उभारलेल्या बायफनं. खेळ तरी वळूला जिवंत राहायला सांगतो. आपण तेवढीही अट ठेवलेली नाही.

तेव्हा खेळ खोटा आहे तो अंतराच्या बाबतीत नव्हे. त्याचं पहिलं खोटं वेगळं आहे: तिथं एका जोडीपासून शंभर जनावरं करा, बाप-लेक, बहीण-भाऊ काही पाहू नका, दंड नाही. खऱ्या जगात दंड आहे, फक्त बिल उशिरा येतं. गावात मोकळा वळू असायचा तेव्हा तो दर अडीच-तीन वर्षांनी बदलावा, असं जाणती माणसं सांगत, कारण तेवढ्या काळात त्याच्याच कालवडी माजावर यायला लागतात. अमेरिकेत 1962 साली चीफ नावाचा एक होल्स्टिन वळू जन्मला. त्याच्या सोळा हजार लेकी झाल्या, नाती पाच लाखांच्या घरात गेल्या, दूध वाढलं. त्याच्या रक्तात एक बिघडलेला जनुक होता, तो कितीतरी वर्षांनी सापडला. दोन्ही बाजूंनी तो जनुक मिळाला की गर्भ पोटातच मरतो. जगभरात असे पाच लाखांच्या आसपास गर्भ गेले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. एकच वळू सगळ्या नकाशाला पुरतो तेव्हा असं होतं. मराठवाड्यात काळ्या-पांढऱ्या संकरित गायी दिसतात, त्यांचं अर्धं कूळ याच होल्स्टिनांचं आहे.

दुसरं खोटं मात्र बारीक आहे. खेळात आई-बाप उंच तर पोर उंच, म्हणजे आनुवंशिकता आहे. नको ते नर खच्ची करायची सोयही आहे. नाही ती नजर. निवड कशासाठी, हा प्रश्न तिथं पडतच नाही. मोठं अंग म्हणजे जास्त मांस, संपलं. आणि जनावराची जात जर कशात असेल तर ती या 'कशासाठी'त असते, असं माझं म्हणणं आहे. लाल कंधारी घ्या. अंगभर एकच गडद लाल रंग, मध्यम बांधा. कंधार, मुखेड, लोहा हे तिचं घर आणि तिथून ती इकडं परभणीपर्यंत पसरलेली. चौथ्या शतकातल्या कंधारच्या सोमदेवराय राजानं ती सांभाळली, अशी कथा सांगतात. राजानं सांभाळली असेल, पण घडवली शेतकऱ्यानं, तीही चाकूच्या बाजूनं. गोऱ्हा दोन-अडीच वर्षांचा झाला की खच्ची करायचा, म्हणजे तो बैल झाला. शंभरातला एखादाच वळू म्हणून राखायचा. इथं एक पेच आहे. औताला कोण खरा, काळ्या चिकट रानात पावसानंतर कोण पाय उचलतो, उन्हात कोण धापत नाही, हे कळतं ते बैल कामाला लागल्यावर; आणि तोवर तो वंश वाढवण्याच्या कामाचा उरलेला नसतो. गुण दिसतो तेव्हा बीज गेलेलं असतं. मग निवडायचं कसं? नात्यावरून. हा बैल चांगला निघाला, याची आई कुणाच्या दावणीला आहे, तिच्या पोटी आता गोऱ्हा आहे का, तो राखा. गावाला हा हिशोब तोंडपाठ असे, कागद नव्हता. दुधाच्या शास्त्राला अगदी हाच पेच पडतो: वळू दूध देत नाही, म्हणून त्याच्या लेकींचं दूध मोजून त्याची किंमत ठरवतात. विद्यापीठात याला संतती-चाचणी म्हणतात. गावात त्याला नाव नव्हतं इतकंच. आणि या निवडीचा दुसरा टप्पा बाजारात व्हायचा. गिऱ्हाईक आधी जबडा उघडून दात बघणार: दोन दाती, चार दाती, की जुळला. मग खूर, शिंगांची ठेवण, वशिंड, गळ्याची पोळी, शेपटीचा गोंडा. कपाळावरचा, पाठीवरचा भोवरा कुठं आहे, हेही बघणार. भोवऱ्याच्या शुभाशुभावर माझा काडीचा विश्वास नाही, पण भोवरा शोधायला माणूस जनावराभोवती तीनदा फिरतो आणि तेवढ्यात त्याला चाल दिसते. मग दोघांचे हात रुमालाखाली जातात, बोटं दाबून भाव ठरतो, बघ्यांना कळत नाही. मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिथं घोडे, गाढवं, उंट आणि बैल यांचा बाजार लागतो. रुमालाखालच्या त्या बोटांनी कंधारीचा रंग राखला आहे. एकरंगी लाल जोडीला भाव जास्त, ठिपका पडला की कमी. लातूरकडच्या देवणीत तर वानेरा, बालंक्या, शेवरा असे तीन तऱ्हेचे काळे-पांढरे नमुने आहेत आणि तिन्ही नावं पशुशास्त्राच्या पुस्तकांनी लोकांकडून उचललेली आहेत.

ही नजर कामातून आली होती, आणि काम गेलं. 2019 च्या विसाव्या पशुगणनेचे देशाचे आकडे बघा. देशी गोवंश 2012 च्या तुलनेत 6 टक्क्यांनी घटला, ही बातमी सगळीकडं छापून आली. तिच्याच शेजारचा आकडा कमी वाचला गेला: देशी गायी, म्हणजे माद्या, 10 टक्क्यांनी वाढल्या. माद्या वाढल्या आणि एकूण संख्या घटली, याचा अर्थ एकच. गोवंशातले नर 2012 साली 6 कोटी 79 लाख होते, ते सात वर्षांत 4 कोटी 74 लाखांवर आले. देशी गाय संपत चालली आहे, हे आपण म्हणतो ते चूक. संपत चालला आहे तो बैल. आता तर लिंगनिर्धारित वीर्यमात्रा मिळतात, त्यांनी शंभरात नव्वद कालवडीच होतात. पूर्णेच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मनमाड-सिकंदराबाद मार्ग मीटर गेजचा होता तेव्हा या गावात वाफेच्या इंजिनांचं शेड होतं. इंजिनं काही मोडून पडली नाहीत. रूळ रुंद झाले.

यावर पहिला आक्षेप येईल तो प्रयोगशाळेतून: जात म्हणजे शेवटी जनुक, आणि ते नत्रात गोठवून हवे तितके दिवस ठेवता येतात, मग काळजी कसली? आहे, कारण नळीत राहतो तो त्या दिवसाचा नमुना. जात ही दर वेताला पुन्हा निवडावी लागते. निवड थांबली की ती जागच्या जागी राहत नाही, विस्कटते. पन्नास वर्षांनी ती नळी कोमट पाण्यात धरणाऱ्याला, निघालेल्या वासरांतलं चांगलं कोणतं, हे कोण सांगणार? खेळात किल्ला बुडाला की मागं राखून ठेवलेली प्रत उघडता येते, पण खेळायचं कसं हे त्या प्रतीत नसतं.

दुसरा आक्षेप गोठ्यातून येतो आणि तो जास्त वजनाचा आहे. लाल कंधारी एका वेताला सहाशे लिटरच्या आसपास दूध देते, देवणी थोडं जास्त. संकरित गाय याच्या कितीतरी पट देते. पोराच्या कॉलेजची फी लाल रंगातून निघत नाही. हे सगळं खरं आहे, आणि शहरात बसून शेतकऱ्याला देशी गाय पाळायचा उपदेश करणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. परभणीच्या कृषी विद्यापीठानं होल्स्टिन आणि देवणी यांचा संकर करून होलदेव काढली, राहुरीला तीन जातींची फुले त्रिवेणी निघाली. ही काही परक्यांनी केलेली फितुरी नव्हे. कष्टानं केलेल्या निवडीच आहेत त्या, फक्त प्रश्न बदलून. माझं म्हणणं एवढंच की प्रश्न बदलला हे कबूल करावं. एकीकडं औताचा बैल नको म्हणायचं, आणि दुसरीकडं औतासाठी घडलेली जात मात्र हवी म्हणायची, हे जमायचं नाही. खेळात जास्तीच्या नराचं काय करायचं याचं उत्तर खाटकाच्या ओट्यावर आहे. महाराष्ट्रात 2015 पासून कायद्यानं ते बंद केलं. कायद्यानं बैलाला जीव दिला, काम द्यायचं राहिलं. रस्त्यावर सोडलेले गोऱ्हे त्या राहिलेल्या अर्ध्याचे आहेत.

मग काहीच करता येणार नाही का? जिथं काम नवं सापडलं तिथं जात आपोआप टिकते. उस्मानाबादी शेळी बघा: काळी, काटक, एका वेताला बहुतेक जुळं. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं तरी बाजारात तिचं नाव उस्मानाबादीच आहे, कारण गिऱ्हाईक आहे. नावांवरून आठवलं: पूर्णाथडी म्हणून म्हशीची एक मान्यताप्राप्त जात आहे, फिकट भुरकट रंगाची. पूर्णा गावच्या माणसानं ती आपली समजून छाती फुगवू नये. ती विदर्भातल्या पूर्णेची, चांगदेवला तापीला मिळणाऱ्या नदीची, अकोला-अमरावतीकडची. आपली पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरातून निघते, येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांत अडते आणि कंठेश्वरला गोदावरीत जाते. तिच्या थडीला चरते ती मराठवाडी म्हैस.

आता दावणीच्या जनावराच्या कानात पिवळा बिल्ला असतो. त्यावरच्या बारा अंकांच्या नोंदीत गाय कधी भरली आणि कोणत्या वळूच्या नळीनं भरली, हेसुद्धा लिहिता येतं. या पोळ्याला कुणाच्या दारी लाल जोडी दिसली तर तिच्या शिंगांचा रंग आणि झुलीचे आरसे बघून झाल्यावर मालकाला एक विचारा: यांची आई कुणाच्या दावणीची? सांगता आलं, तर दोन मिनिटं थांबून सगळं ऐकून घ्या.