पत्र्याची पेटी

मैत्रिणींनो, काटकसर कुठे करावी हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण गेल्या उन्हाळ्यात मी तिथंच चुकले बरं का!

आम्ही जालन्याचे. मुलगा कॉम्प्युटरवर घरांची त्रिमिती चित्रं करून देतो. त्याला ताकदीचा कॉम्प्युटर हवा होता. भिशीचे पैसे माझे, म्हणून घासाघीसही मीच केली. यादीत शेवटी होता पॉवर सप्लाय. दिसायला नुसती पत्र्याची पेटी! म्हटलं, "हा स्वस्तातला द्या."

दोन महिन्यांनी, ऐन कामाच्या रात्री, फट्‌ आवाज आणि जळका वास! सप्लाय गेलाच, मदरबोर्डही गेला. चिरंजीव मला एका शब्दानं बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

मग मी समजून घेतलं. घरातली २३० व्होल्टची वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून आतल्या सगळ्यांना वाढते ती हीच पेटी. तेव्हा पंगत आधी मोजा. आरटीएक्स ३०६० या एका ग्राफिक्स कार्डालाच १७० वॉट लागतात. कंपनी ५५० वॉटचा सप्लाय सांगते. खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका, लेबलावर १२ व्होल्टसमोर किती वॉट आहेत ते वाचा. ‘८० प्लस’ची खूण म्हणजे वीज कमी वाया जाते, पण हमी किती वर्षांची, तेही विचारा. आणि घरातलं अर्थिंग तपासून घ्या.

‘जालना सोने का पालना’ म्हणतात ना? आमच्या नव्या पेटीवर ‘८० प्लस गोल्ड’ लिहिलंय. यंदा घरात सोनं आलं ते एवढंच, पण कामाचं आलं!