वालाच्या वेलीवरचे रखवालदार

जुमा असल्याने शाळेला सुट्टी होती. अम्मीने अंगणातून हाक मारली, "देख रे, वाल के बेल कू क्या हुआ!"

कोवळे शेंडे काळ्या माव्याने भरले होते. खालच्या पानांवर काजळी धरलेली. देठावरून काळ्या मुंग्यांची ये-जा चाललेली. मुंग्या मावा खायला आल्या असतील असे वाटून आम्हाला बरे वाटले. खुर्ची ओढून पाहत बसलो.

पण मुंगी मावा खात नव्हती. ती आपल्या मिशांनी त्याची पाठ हळूच थोपटायची. मग माव्याच्या मागच्या टोकाला एक थेंब यायचा, तो ती पिऊन टाकायची. अम्मी बकरीच्या कासेला हात लावते, अगदी तसे! वेलीच्या रसात साखर फार, नत्र थोडे. त्या थोड्यासाठी मावा पुष्कळ रस ओढतो आणि जादा साखर बाहेर टाकतो. तीच मुंगीची मेजवानी. पानावरची काजळीही त्याच साखरेवर वाढते. इतक्यात एक लाल ढालकिडा शेंड्यावर उतरला. हा माव्याचा खरा दुश्मन. दोन मुंग्या अशा धावून गेल्या की बिचारा उडालाच.

हजरत सुलेमानांचे लष्कर पाहून आपल्या कौमला सावध करणारी सूरह नम्लमधली मुंगी आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. आणि तिचीच कौम इथे चोरांची राखण करीत होती! अर्थात मुंगीला वेल कुठे ठाऊक? तिला फक्त आपली गुरे ठाऊक.

तपासणीला साहेब आले की आमच्या संस्थेचे एक पदाधिकारी आमच्यावर आंच येऊ देत नाहीत. पगार झाला की 'इमारत फंडा'साठी तेच आमची पाठ थोपटतात. सात वर्षे झाली, इमारत आहे तेवढीच आहे. म्हणजे आम्ही मावाच की! मग वेल कोण? एका बाकावर चौघे दाटून बसलेली चौथीची मुले डोळ्यांपुढे आली. आम्ही खुर्चीवरून उठलो.

पावडर मारणार होतो. अम्मी म्हणाली, मुंगी मारायला हुजूरांनी मना केले आहे. मग साबणाच्या पाण्याने शेंडे धुतले, बुंध्याला आणि मांडवाच्या खांबांना एरंडेलात भिजवलेल्या चिंध्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी मुंग्या कपडे वाळवायच्या दोरीवरून मांडवावर पोचल्या. आम्ही दोरी सोडली. चौथ्या दिवशी ढालकिडे आले, तीन मोजले.

पगार सोमवारी आहे. या वेळी फंडाची पावती मागायची आहे. अम्मीला अजून सांगितलेले नाही.