सहा नंबरची जागा

इंग्लंडमधला फुटबॉलचा हंगाम मे महिन्यात संपतो आणि मग खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा उन्हाळी काळ सुरू होतो. ही खिडकी ऑगस्टच्या अखेरीस नाहीतर सप्टेंबर उजाडताना बंद होते. तेवढे दिवस मैदानं ओस असतात, पण लिव्हरपूलच्या चाहत्याला वर्षातला सगळ्यात तापलेला काळ कोणता असं विचारलं, तर तो हाच सांगेल. कॉलेजपासून आजवरचे माझे बहुतेक पावसाळे एकाच वादात गेले आहेत : यंदा मधल्या फळीत कोण?

पुढच्या फळीवर एवढा वाद होत नाही. गोल मोजता येतात, त्यामुळे बोलणं लवकर संपतं. पण बचावफळीच्या पुढ्यात जो उभा राहतो, ज्याला हल्ली सगळे 'सहा नंबर' म्हणतात, त्याचं मोजायचं काय? त्याने अडवलेल्या चेंडूंचे आकडे मिळतात. पण त्याच्या उभं राहण्यामुळे जो पास प्रतिस्पर्ध्याने दिलाच नाही, तो कुठल्याच आकड्यात येत नाही.

हे मला लिव्हरपूलने नाही, कोल्हापूरने शिकवलं. मी शिवाजी पेठेतला. आमच्याकडे हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी सुरू झाली, की कोण पाटाकडील संघातून निघाला, कोण दिलबहारला मिळाला, यावर कट्ट्यावर रात्र-रात्र चर्चा चालते आणि घराघरांत अबोलेही होतात. गल्लीत एक जुने हाफ (म्हणजे मधल्या फळीतले खेळाडू) होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. शाहू स्टेडियमवर शेजारी बसवून त्यांनी मला एक सवय लावली. ''चेंडूकडं बघू नको रं. पंधरा मिनटं नुस्ता हाफ बघ,'' म्हणायचे. पोरवयात ही शिक्षाच वाटायची. सगळं स्टेडियम एका बाजूला ओरडतंय आणि आपण मान वळवून तिसऱ्याच माणसाकडे पाहायचं. पण हळूहळू दिसायला लागलं. हाफ दोन पावलं डावीकडे सरकला, की समोरच्या फॉरवर्डला आत घुसायची वाट बंद होते, तो चेंडू मागे देतो, आणि आपल्या बॅकला श्वास घ्यायला मिळतो. टाळ्या कुणीच वाजवत नाही. मामा मात्र ''शाब्बास!'' म्हणत मांडीवर थाप मारायचे.

त्यामुळे ऑगस्ट २००४मध्ये लिव्हरपूलने रेआल सोसिएदादकडून शाबी अलोन्सोला १ कोटी ७ लाख पौंडांना घेतलं, तेव्हा केबलवरचे पहिले दोन-तीन सामने पाहूनच माझा जीव त्याच्यावर जडला. चेंडू त्याच्याकडे यायच्या आधीच त्याची मान एकदा डाव्या आणि एकदा उजव्या खांद्यावरून मागे जाऊन यायची. चेंडू पायाशी येईपर्यंत अंग अर्धं वळलेलं असायचं. आणि मग तो चाळीस यार्डांचा पास, धावणाऱ्या माणसाच्या पुढ्यात नेमका टाकलेला. माझा दादा लिव्हरपूलच्याच जेरार्डचा भक्त. त्याला धावणारे, घुसणारे, चिखलात लोळणारे खेळाडू आवडायचे. ''हा पळतच न्हाई लेका,'' म्हणायचा. ''त्याला पळायला लागत नाही,'' हे माझं उत्तर. तेव्हा सुरू झालेला हा वाद आजही फोनवर चालूच आहे.

इस्तंबूलमधल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याची ती रात्र आम्ही दोघांनी एकत्र जागून काढली. आपल्याकडे २६ मे २००५ उजाडलेला, मध्यरात्र उलटून गेलेली. मध्यंतराला मिलान ३-०ने पुढे. पहिल्या अर्ध्यात त्यांचा खेळाडू काका मधल्या फळीतून मोकळाच धावत होता. आमचे प्रशिक्षक बेनिटेझनी मध्यंतरात बॅक फिननला बसवून डिट्मार हामानला आणलं. त्यानंतरच्या सहा मिनिटांतल्या तीन गोलांची गोष्ट जगाला पाठ आहे : जेरार्ड, श्मित्सर आणि दिदाने अडवलेल्या पेनल्टीवर परतलेला चेंडू मारणारा अलोन्सो. माझ्या मते तो सामना हामानने फिरवला. तो काकाच्या वाटेत जाऊन उभा राहिला, म्हणून जेरार्डला पुढे जाता आलं. १९९९मध्ये न्यूकॅसलहून आलेला हा जर्मन माणूस आमच्याकडे कुणाच्याच खोलीतल्या पोस्टरवर नव्हता. दादा आजही तो सामना जेरार्डचाच मानतो.

२००८चा उन्हाळा मात्र मी विसरू शकत नाही. बेनिटेझना अॅस्टन व्हिलाचा गॅरेथ बॅरी हवा होता आणि त्यासाठी अलोन्सोला विकायची त्यांची तयारी होती. तेव्हा मी नोकरीला पुण्यात आलो होतो. ऑफिसमधून बाहेर पडलं की सायबर कॅफे गाठायचा, बातमी बघायची आणि दादाला फोन लावायचा. ऑगस्टमध्ये लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर, अॅनफिल्डवर, लाझिओविरुद्ध सराव सामना झाला, त्यात प्रेक्षकांनी अलोन्सोच्या नावाचा गजर केला. प्रशिक्षकाच्या तोंडावर, सराव सामन्यात, हजारो लोक एका पास देणाऱ्या माणसासाठी गात होते. मला फार बरं वाटलं. बॅरी आला नाही, अलोन्सो राहिला आणि त्या मोसमात लिव्हरपूलने ८६ गुण मिळवले, लीगमध्ये फक्त २ सामने गमावले. विजेतेपद चार गुणांनी हुकलं. मार्चमध्ये रेआल माद्रिदला अॅनफिल्डवर ४-० हरवलं. पुढच्या उन्हाळ्यात त्याच रेआलने ३ कोटी पौंड मोजून अलोन्सोला नेलं.

त्याच्या जागी रोमाहून अक्विलानी आला, तो घोट्याची दुखापत घेऊनच. मैदानात उतरायला त्याला ऑक्टोबर संपत आला. भजनात पखवाज थांबला की टाळांचा नुसता गोंगाट उरतो, तसं त्या संघाचं झालं. तोच जेरार्ड, तोच तोरेस, तोच मास्केरानो, आणि लीगमध्ये सातवा क्रमांक. अक्विलानी वाईट खेळाडू नव्हता. पण ज्या जागेवरचा माणूस गेला, त्या जागेचा तो नव्हताच. तो पुढे सरकून खेळणारा. नाव मोठं आणि जागा चुकीची, हा सौदा क्लबला कितीतरी वर्षं महागात पडला. अलोन्सोला दुखावून जाऊ देणं ही लिव्हरपूलने माझ्या हयातीत केलेली सगळ्यात मोठी चूक आहे, असं मी आजही म्हणतो.

पुढची काही वर्षं भराभर सांगतो, कारण त्यांत सांगण्यासारखं फार नाही. पोल्सन आला, चार्ली अॅडम आला, जो अॅलन आला. यातल्या प्रत्येकावर आम्ही तावातावाने बोललो. लुकास लेव्हाला मात्र जागा द्यायलाच हवी. स्वतःच्याच प्रेक्षकांची हुर्यो त्याने सोसली, तो दहा वर्षं राहिला आणि २०१७मध्ये लाझिओला गेला, तेव्हा तेच प्रेक्षक हळहळले. आणि जॉर्डन हेंडरसन. २०१२मध्ये क्लब त्याला फुलहॅमला द्यायला निघाला होता. त्याने नकार दिला. पुढे कर्णधार होऊन २०१९ची चॅम्पियन्स लीग आणि २०२०ची लीग त्यानेच उचलली. अशा माणसाला उन्हाळ्यातल्या गप्पांत काय भाव असतो? काहीच नाही.

फाबिन्यो आला तो न बोलता. २६ मे २०१८ला कीव्हमध्ये आपण चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना हरलो आणि दोनच दिवसांत मोनाकोहून त्याला घेतल्याचं जाहीर झालं. अफवा नाही, कुजबूज नाही. प्रशिक्षक क्लॉपनी त्याला लीगमध्ये सुरुवातीपासून खेळवायला ऑक्टोबरअखेर उजाडवली. तोवर लोक विचारत होते, हा आणलाय कशाला? वर्षभरात त्याच्याशिवाय संघाची कल्पना करवत नव्हती. यावर दादाचं आणि माझं एकमत झालं. असं फार क्वचित होतं.

मग २०२३. पाच मिडफिल्डर एका उन्हाळ्यात गेले. मिलनर, केटा आणि ऑक्सलेड-चेंबरलेन करार संपून, हेंडरसन आणि फाबिन्यो सौदी अरेबियात. जूनमध्ये मॅकअॅलिस्टर साडेतीन कोटींना, जुलैच्या सुरुवातीला सोबोस्लाई ६ कोटींना. सोबोस्लाईने जेरार्डची आठ नंबरची जर्सी घेतली म्हणून दादा दोन दिवस खुशीत होता. सहा नंबर रिकामाच. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात बातमी आली की ब्रायटनच्या मोइझेस कैसेदोसाठी क्लबने ११ कोटी १० लाख पौंड देऊ केले आणि ब्रायटन तयारही झालं. इंग्लंडमध्ये तोवर कुणीच कुणासाठी एवढी रक्कम मोजली नव्हती. दादाचा फोन, माझा फोन, नाशिकच्या मित्राचा फोन. आणि मग कैसेदोने सांगितलं की त्याला चेल्सीलाच जायचंय. रविवारी, १३ ऑगस्टला, योगायोगाने सामना चेल्सीशीच होता. १-१. आपल्या बाजूने सहा नंबरच्या जागेवर मॅकअॅलिस्टर उभा, जो मुळात पुढे खेळणारा. दुसऱ्या दिवशी कैसेदो चेल्सीचा झाला. चार दिवसांनी साउदॅम्प्टनचा लाव्हियाही तिकडेच गेला.

त्याच दिवशी लिव्हरपूलने वातारू एन्दो घेतला. वय ३०, जपानचा कर्णधार, स्टुटगार्टचाही कर्णधार, किंमत १ कोटी ६० लाखांच्या आसपास. दादाचा आवाज अक्षरशः उतरला होता. ''ह्यो कुठनं काढला?'' मला मामांची आठवण झाली. एन्दोच्या जुन्या सामन्यांचे तुकडे मी शोधून पाहिले आणि त्यात मला पेठेतला हाफ दिसला : छोटा, चिवट, नेहमी अर्धं पाऊल आधी पोचणारा. शेवटच्या दिवशी बायर्नहून ग्रावेनबर्ख आला, ३ कोटी ४० लाखांच्या घरात. आपल्याकडे पहाटेचे साडेतीन वाजले की खिडकी बंद होणार होती. उंच, देखणा पोरगा, पण सहा नंबर म्हणून त्याच्याकडे कुणी पाहतच नव्हतं.

फेब्रुवारी २०२४मध्ये वेम्बलीवर लीग कपचा अंतिम सामना पुन्हा चेल्सीशी. पहिल्या अर्ध्यातच कैसेदोच्या टॅकलमध्ये ग्रावेनबर्खचा घोटा दुखावला आणि त्याला उचलून न्यावं लागलं. निम्मा संघ आधीच जायबंदी. क्लॉपनी अकादमीतली पोरं उतरवली. त्या पोरांच्या मधोमध एन्दो १२० मिनिटं उभा होता. त्या रात्री मी मुद्दाम बराच वेळ फक्त त्याच्याकडे पाहिलं. चेल्सीने चेंडू मधून आत आणला की तिथे तो आधीच असायचा. ११८व्या मिनिटाला व्हॅन डाइकने डोक्याने गोल केला. दादाने फोन केला आणि पहिलं वाक्य बोलला, ''एन्दोला सलाम माझा.''

कैसेदोवर राग धरण्यात अर्थ नाही. तो उत्तम खेळाडू आहे, चेल्सीत त्याने ते दाखवलं आहे. कुठे खेळायचं हे ठरवायचा हक्क त्याचाच. पुढच्या उन्हाळ्यात मार्टिन झुबिमेंडीनेही तोच हक्क वापरला. हा पोरगा अलोन्सोच्याच क्लबातला, सोसिएदादच्या ब संघात अलोन्सोच्याच हाताखाली खेळलेला. त्याचं नाव निघालं तेव्हा मी किती हरखलो होतो! त्याने आपलं गाव सोडायला नकार दिला. खिडकी बंद झाली आणि लिव्हरपूलने मधल्या फळीत एकही माणूस घेतला नाही. सगळीकडून टीका झाली.

नवे प्रशिक्षक आर्ने स्लॉट यांनी सहा नंबरला ग्रावेनबर्खला उभं केलं. खिडकी बंद झाल्याला दोन दिवस झाले होते आणि ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडशी सामना होता. कासेमिरोने पास दिला, तो ग्रावेनबर्खने मध्येच कापला, उचलून पुढे नेला आणि काही क्षणांत सालाहच्या क्रॉसवर दियासने गोल केला. सामना ३-०. तो चेंडू हिसकावणं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. पास सुटण्याआधीच त्याचं पाऊल पडलेलं आहे. २७ एप्रिल २०२५ला अॅनफिल्डवर टॉटनहॅमला ५-१ हरवून लिव्हरपूलने विसावी लीग जिंकली, तेही चार सामने शिल्लक असताना. ग्रावेनबर्ख लीगचा सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला. तो, मॅकअॅलिस्टर आणि सोबोस्लाई या तिघांची मिळून किंमत एकट्या कैसेदोपेक्षा थोडीच जास्त होती.

२०२५च्या जूनमध्ये फ्लोरिअन विर्ट्झ आला, १० कोटी पौंड आणि वर १ कोटी ६० लाखांपर्यंतच्या अटी. तो अलोन्सोने घडवलेल्या लेव्हरकुसेनचा, म्हणून माझ्या आनंदाला सीमा नव्हती. दादा म्हणे, ह्याला खेळवायचा तर मधल्या तिघांतला बसवायचा कुठला? जोरात वाद चालला होता आणि ३ जुलैला स्पेनमध्ये झालेल्या मोटार अपघातात दिओगो जोटा आणि त्याचा भाऊ गेल्याची बातमी आली. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, काही दिवसांपूर्वी लग्न झालेला. क्लबने वीस नंबरची जर्सी कायमची निवृत्त केली. दादाने आणि मी त्यानंतर बरेच दिवस फुटबॉलवर बोललोच नाही.

आता पुन्हा बोलतो. विर्ट्झला कुठे खेळवावं यावर आमचं अजून जुळलेलं नाही. पण एका गोष्टीवर मी ठाम आहे. पुढल्या उन्हाळ्यात तुमच्या क्लबने कुणाला घ्यावं यावर भांडायला बसाल, तेव्हा नाव आणि किंमत शेवटी काढा. आधी सांगा, संघात रिकामी जागा कोणती आहे आणि ती भरू शकेल असा माणूस आपल्याच घरात आहे का. अलोन्सो गेल्यापासून लिव्हरपूलला मिळालेला सगळ्यात चांगला सहा नंबर माझ्या मते ग्रावेनबर्ख आहे, फाबिन्योच्याही वर. आणि सहा नंबर म्हणून त्याला आमच्यापैकी कुणीच मागितलं नव्हतं.