माझी पडजीभ

माणसाला पडजीभ असते, हे पन्नाशी उलटेपर्यंत मी कधी मनावर घेतले नव्हते. ती २०११ साली गेली आणि तेव्हापासून तिची आठवण झाली नाही असा दिवस गेला नाही.

मूळ दोष माझ्या घोरण्याचा. दादरच्या आमच्या दोन खोल्यांत ते मावत नसे. शेजाऱ्यांनी तक्रार केली नाही. त्यांच्याकडे पाहुणे आले, की सकाळी ते माझ्याकडे जरा टक लावून पाहत, एवढेच. सौ. घोरण्याला भीत नसे, ते थांबण्याला भीत असे. घोरता घोरता मी एकाएकी गप्प होई. मग ती अंधारात बोटांवर मोजत बसे. दहा, पंधरा, वीस... आणि हिसका बसून माझा श्वास सुरू झाला, की तिचाही सुटे. पुढे झोपेच्या तपासणीत निघाले, की माझा श्वास तासाला ४३ वेळा थांबतो. म्हणजे सात तासांच्या झोपेत ३०० वेळा! हीच मोजदाद ती बिचारी इतकी वर्षे यंत्रावाचून करीत होती.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. रोज रात्री नाकावर मुखवटा बांधून यंत्राने घशात दाबाची हवा सोडायची, नाहीतर पडजीभ, टॉन्सिल आणि मऊ टाळूची कड कापून घशाची वाट रुंद करायची. गंमत अशी, की हे यंत्र सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी आणि ही शस्त्रक्रिया डेट्रॉइटच्या फुजिता यांनी १९८१ या एकाच साली वैद्यकातल्या लोकांपुढे मांडली. मुखवटा घालून बायकोशेजारी निजायची मला लाज वाटली. म्हटले, एकदाच काय ते कापून टाका. धोके डॉक्टरांनी सांगितले होते. ऐकले मी नव्हते.

पहिले दोन आठवडे आवंढा गिळणे म्हणजे काच गिळणे होते. ते सरले. पण एके दिवशी व्याह्यांसमोर चहाचा घोट घेतला, आणि तो नाकातून बाहेर आला!

आपण गिळतो तेव्हा मऊ टाळू मागे उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो. माझी ही झडप आखूड झाली होती. बहुतेकांचे काही आठवड्यांत ठीक होते. माझे अर्धेमुर्धे झाले. दहीभात, पिठले निमूट खाली जाते. पाणी, ताक, आमटी मात्र दगा देते. घोट लहान घ्यावा लागतो आणि गिळताना बोलून चालत नाही. आता आमच्या घरातल्या साऱ्या गप्पा पानावरच्या! मी जेवताना मुका झालो. वाटे, हिला वाटत असेल मी रागावलो आहे. पण सांगायचे कसे? नाकातून आमटी येते, हे काय सांगायचे?

एकदा मुलगा म्हणाला, "आई, हल्ली ही आमटी आहे की पिठलं?"

"मला घट्टच आवडते," ती म्हणाली.

ती रत्नागिरीकडची. पातळ साराची वाटी तोंडाला लावून पिणारी! मी मान खाली घालून भात कालवीत राहिलो.

आवाजही बदलला. 'ब' म्हणायला गेलो, की हवा नाकात पळते. नातवाला हाक मारली, "बाळ!" तर तो म्हणाला, "आजोबा, मी माळ नाहीये." सगळे हसले, मीही हसलो. पण फोनवर नाव सांगायची वेळ आली, की अजून मी तो मुलाच्या हाती देतो.

आणि एवढे करून श्वास? तासाला ४३ चे १९ झाले खरे, पण वजन वाढले तसे तेही वाढत गेले. २०१७ साली मुखवटा आलाच. टाळू आखूड, म्हणून नाकाने घेतलेली हवा तोंडावाटे निसटते. तेव्हा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मुखवटा घ्यावा लागला. पहिल्या रात्री ही म्हणाली, "अहो, मला झोपच येईना. मोजायला काही नाही."

पहाटे तीनच्या सुमारास घसा कोरडा पडून मला जाग येते. उशाशी तांब्या-भांडे ठेवलेले असते. मी मुखवटा काढून भांडे तोंडाला लावतो.

"सावकाश," अंधारातून आवाज येतो.