कसरीनं खाल्लेली बकरी

संपादकांनी फोनवर बजावलं, ‘सोपं लिहा, रसायनं नकोत.’ प्रयत्न करते. मी हैदराबादेत कागदावरच्या चित्रांची डागडुजी करते. शेजारीपाजारी मला ‘फ्रेमवाल्या बाई’ म्हणतात. फ्रेम मी आयुष्यात एकही केलेली नाही.

गेल्या पावसाळ्यात एक बहीण-भाऊ आईनं केलेलं कोलाज घेऊन आले. आई परभणीकडची, लग्न होऊन इथं आलेली. चित्रात एकच बकरी. अंग वर्तमानपत्राचं, त्यावर पातळ जलरंग. पाठीवर लुगड्याचा काठ. डोळा म्हणजे आरटीसी बसच्या तिकिटाला कंडक्टरनं पाडलेलं भोक. मागचा एक पाय कसरीनं फस्त केलेला. भाऊ म्हणाला, ‘ताई, पाय लावा, पिवळेपणा घालवा. नव्यासारखं करून द्या.’

पिवळेपणा घालवा! वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं. उजेड लागला की ते पिवळं पडणारच. ब्लीच करायला जावं तर बकरीच धुऊन निघेल.

कसरीनं नेमका पायच का खाल्ला, हे मात्र सांगू द्या. पाय चिकटवला होता मैद्याच्या खळीनं, बाकीचं अंग पांढऱ्या गोंदानं. गोंदाला कीड लागत नाही, म्हणून माझे काही समव्यवसायी त्याची तरफदारी करतात. अहो, पण वाळला की ते प्लॅस्टिकच! जुनं झालं की पाण्याला दाद देत नाही. मग द्रावकं आली, आणि द्रावकं आली की रंगाची धास्ती आली. खळ नुसत्या ओलाव्यानं सुटते. माझी खळ मैद्याची नव्हे, गव्हाच्या सत्त्वाची. कुरडयांसाठी गहू भिजवून चीक काढतात ना, तेच. फक्त त्यातलं चिकट प्रथिन धुऊन काढलेलं. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत. कीड मरायची, पण त्यातल्या तांब्यानं कालांतरानं कागदही तपकिरी होऊन तुटायचा. हे मी पंचवीस वर्षं सांगतेय. ऐकणारे माना डोलावतात आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून गोंदाची बाटली आणतात.

दुसरी कटकट अर्थाची. ‘बकरी म्हणजे त्यागाचं प्रतीक का हो?’ आमच्या चित्रकार लक्ष्मा गौडांच्या बकऱ्यांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. १९४० साली मेदक जिल्ह्यातल्या निजामपूरला जन्मलेल्या माणसाच्या चित्रात बकऱ्या नाही येणार तर काय पेंग्विन येतील? अमेरिकेत रॉबर्ट राउशेनबर्गनं पेंढा भरलेल्या अंगोरा बकऱ्याच्या कमरेत मोटारीचा टायर अडकवला. १९५५ ते १९५९ अशी चार वर्षं त्याची खटपट चालली होती. ‘मोनोग्राम’ नावाच्या त्या कलाकृतीवर समीक्षकांनी काय काय नाही लिहिलं! लहानपणी त्याची पाळलेली बकरी बापानं मारली होती, एवढं मला पुरतं. अर्थात, तोही मी लावलेला अर्थच.

तर, गोंद सोडवत पोटाचा कागद उचलला, तर खाली आंतरदेशीय पत्राचा निळा तुकडा. माहेरचं पत्र. बकरीचा उल्लेखसुद्धा नाही. तुरीचा भाव, कुणाचा तरी ताप, आणि ‘तू दिवाळीला ये’ एवढंच. बहीण म्हणते, काढून द्या, वेगळं फ्रेम करू. भाऊ म्हणतो, आईनं झाकलं ते झाकलेलंच राहू दे. आईनं ते झाकलं होतं, की पोट फुगीर दिसावं म्हणून हाताला येईल तो कागद आत घातला होता? मला कागदाचा जाडपणा मोजता येतो, हे नाही.

पायाच्या जागी मी जुळत्या रंगाचा कोरा जपानी कागद लावलाय, खूर न काढता. भावाच्या मते बकरी आता लंगडी झाली. पोट अजून उघडंच आहे. दोघांचं एकमत होईल म्हणून मागच्या आठवड्यात खळ शिजवून ठेवली होती. चार दिवसांत आंबली, टाकून दिली.