वलगणीचा मासा धरण्याआधी

पहिला जोराचा पाऊस झाला की आमच्या गावच्या ग्रुपवर पाटीभर माशांचे फोटो सुरू होतात. वलगण! रायगडात ज्याचं बालपण गेलं त्याला वेगळं सांगायला नको. मीही वडिलांमागे बत्ती घेऊन रात्री बांधावर उभा राहिलोय. गाभोळीचा मासा काय लागतो तेही माहितीये. त्यामुळे हे लिहिताना मी स्वतःला बाजूला काढत नाहीये.

पण हे मासे नदी सोडून ओढ्यातून थेट भाताच्या शेतात चढतात कशाला? अंडी घालायला. पुराच्या नदीत ओढ असते, मोठे मासे असतात. शेतात पाणी उथळ, संथ. बुडालेल्या गवतात आडोसा आणि पिल्लांना पुरेल इतकं बारीक खाणं. पाणी चढलं, गढूळ झालं, की मादी प्रवाहाच्या उलट निघते ती या जागेसाठी.

आणि ती तडजोड करत नाही बरं का! रोहूची मादी बंद तळ्यात पोटात लाखो अंडी असूनही सहसा ती घालत नाही. म्हणून तर १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरींनी इंजेक्शन देऊन माशांकडून अंडी घालून घेतली, तेव्हा त्याचं एवढं कौतुक झालं. १० जुलैचा मत्स्य शेतकरी दिन त्याचाच. महाशीरचं आणखी वेगळं. तिला स्वच्छ, वाहतं पाणी आणि तळाशी वाळू-गोटे लागतात. आपण नेमकी तीच वाळू उपसतो.

गेल्या पावसात मी काकांना म्हटलं, "काका, यंदा पहिल्या पाण्याचे मासे सोडूया." ते भडकले. "अरे, आम्ही चार मासे धरले तर संपतात होय? ओढ्यात भिंत कोणी बांधली? नदीत केमिकल कोण सोडतं? त्यांना विचार की!"

काका चुकीचे नाहीत. दोन वर्षांपूर्वी आमच्या ओढ्याला काँक्रीटची भिंत झाली, माशांना चढायला वाट न ठेवता. आता मासे तिच्या पायथ्याशी उड्या मारतात आणि लोक तिथेच जाळं लावतात. धरायला कधी नव्हे इतकं सोपं झालंय. तरी पाटी दरवर्षी हलकीच होतेय.

समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. कोळी बांधव पोटाला चिमटा काढून ती पाळतात. मग आपल्या ओढ्याला निदान पहिले चार दिवस का नकोत? आणि ग्रामसभेत भिंतीचा ठराव आला तर एकच प्रश्न विचारा: मासे चढणार कुठून?

काकांना मी हेच सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पण त्या रात्री त्यांचं जाळं पडवीतच होतं.